हरिहरेश्वरचा खडक आणि चित्रकलेचा तास

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळजण हरिहरेश्वरला जाऊन आले असतील. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, पुन्हा काळभैरवाचे, असा तिथला रिवाज. ओहोटी असली म्हणजे देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणा. त्या वाटेवर डोंगराच्या अंगाला पाहा. खडक असा कोरला गेला आहे की, मधाचे पोळेच वाटावे. भाविक म्हणतात, देवाची करणी. भूगोलाचे मास्तर सांगतील की, हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. लाटेचे पाणी त्याच्या बारीक भेगांत शिरते, उन्हाने वाळते, मागे मीठ उरते. त्या मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचा कण अन् कण सुटा करतात. दोघांचेही ऐकावे. मी चित्रकलेचा मास्तर. मी त्या दगडापुढे उभा राहिलो की, मला तिसराच प्रश्न पडतो. या किनाऱ्यावरच्या किती मुलांच्या चित्रवहीत हा खडक आला असेल?

मुलाला म्हणावे, “बाळ, देखावा काढ.” तो दोन त्रिकोणी डोंगर काढतो. मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, काठी झोपडी आणि आकाशात चार कावळे. आता हे डोंगर कुठले हो? आपल्याकडे कितीतरी डोंगरांचा माथा सपाट, सड्याचा. रोज संध्याकाळी जो सूर्य समुद्रात बुडताना हे पोर पाहते, तो चित्रात नाही. पोफळीची वाडी नाही, वाळत घातलेले जाळे नाही. मुलाचा हात वाईट नसतो. चित्र म्हणजे आपल्या गावात नसलेली कसलीतरी गोष्ट, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत आली कुठून, ते पाहायला थोडे इतिहासात जावे लागेल.

१८५३ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. तेच आजचे सर ज. जी. कलाविद्यालय. हुन्नर सुधारावा, कारागिराचा हात तयार व्हावा, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण शिकवण्याची रीत विलायतेहून आली. समोर प्लास्टरचा ग्रीक पुतळा किंवा छापील नमुना ठेवायचा आणि हुबेहूब नक्कल करायची. नकलेने हात बसतो, हे खरे. गवयाचे पोर आधी गुरूची तानच घोकते ना? पण घोकणेच गाणे झाले तर? आपल्या शाळांत फळ्यावरचा नमुना वहीत उतरवायची जी सवय पडली, तिचे एक मूळ इथे आहे.

परंतु सगळा दोष त्या शाळेच्या माथी मारला तर अन्याय होईल. १८६५ साली तिथे दोन इंग्रज शिक्षक आले, लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. किपलिंगने मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी भागावर दगडी शिल्पपट्ट केले. त्यांत देवदूत नाहीत, आपली कष्टकरी माणसे आहेत. मंडईत गेलात तर मान वर करून पाहा. पुढे १८७० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानातल्या कारागिरांची चित्रे काढली, त्यांच्या हातातल्या हत्यारांसकट.

ग्रिफिथ्सने याहून मोठे काम केले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, तो आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेत राहिला. त्यांत पेस्तनजी बमनजी होते, पुढे नावाजलेले चित्रकार. लेण्यांतल्या अंधारात बसून या पोरांनी भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती उतरवल्या. तुम्ही म्हणाल, मास्तर, ही पण नक्कलच! होय, नक्कलच. पण ही आपल्याच मातीतल्या चित्रकारांची. ग्रीक पुतळ्यावर बसलेला हात पहिल्यांदाच आपल्या माणसाचा डोळा, बोट, कंबर कशी रेखावी ते शिकत होता.

त्या प्रतींचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. ग्रिफिथ्सच्याही आधी मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून प्रती केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रतीही विलायतेला पाठवल्या आणि त्यांतल्या कितीतरी १८८५ साली तिथल्याच दुसऱ्या आगीत जळाल्या. एवढ्या मेहनतीची राख झाली! पण मंडळी, ज्या हातांनी आणि डोळ्यांनी हे काम केले, ते जळाले नाहीत. ते मुंबईच्या शाळेत परत आले. शिक्षणात जे खरे उरते ते हेच. वही जाते, पण पाहायला शिकलेला डोळा जात नाही.

आता एका आपल्या शिक्षकाविषयी सांगतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. १८९० साली ते या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच आहे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ते १९४० साली प्रसिद्ध झाले. धुरंधरांचे शिक्षण त्याच परक्या रीतीने झाले. पण त्यांची चित्रे पाहा. लुगडे नेसलेली बाई, बाजारातली गर्दी, लग्नातली लगबग, शिवचरित्रातले प्रसंग. मराठी बाईच्या लुगड्याची चुणी कुठून कशी पडते, हे कुठला ग्रीक पुतळा सांगणार? ते घरात आणि रस्त्यात डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. त्यांची कन्या अंबिकाबाई याच शाळेत शिकल्या आणि चित्रकर्ती झाल्या, हेही आपल्या मुलींना जरूर सांगा.

तेव्हा इतिहास एवढेच सांगतो की, शिक्षकाने मुलांना खोलीबाहेर काढून समोरच्या वस्तूपुढे बसवले, तेव्हा कला जिवंत झाली. ग्रिफिथ्सला त्यासाठी मुंबईहून अजिंठा गाठावा लागला. हरिहरेश्वरच्या, श्रीवर्धनच्या गुरुजींना शाळेचे फाटक ओलांडले की पुरे!

गुरुजन हो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांना गावातले विषय द्या. वस्तुचित्राला पोफळीची विरी ठेवा, सुपारीचा घोस ठेवा. संकल्पचित्रासाठी दारातली रांगोळी आहे, जाळ्याची वीण आहे. आणि ओहोटीची वेळ विचारून, चार मोठी माणसे बरोबर घेऊन, एक दिवस मुलांना त्या खडकाशी न्या. लाटेपासून लांब बसवा. तिथे लाटेने माणसे ओढून नेली आहेत, हे विसरू नका. कागद पाठकोरा चालेल, रंग नसले तर कोळसा चालेल. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच खडक स्मरणाने काढायला सांगा. कोणी त्रिकोणी डोंगर काढलाच तर रागावू नका. एवढेच विचारा, “बाळ, हा तू कुठे पाहिलास?”

शाळेत वेळ कमी पडला की चित्रकलेचा तास आधी गणिताला दिला जातो. गणित हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तासात पोर आपले गाव पहिल्यांदा नीट पाहते. ते पाहणे एकदा राहून गेले तर पुढे कुठल्या तासात भरून काढणार?

आणि पालकहो, तुमच्या मुलाने चुलीतल्या कोळशाने भिंतीवर काही काढले, तर पुसण्याआधी घटकाभर थांबा. काय काढले आहे, ते त्यालाच विचारा.