सिंधू पाणीवाटप करार

सिंधू नदी व तिच्या उपनद्या यांच्या पाणीवाटपासंबंधी भारत व पाकिस्तान यांच्यात जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला करार. त्यावर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे जवाहरलाल नेहरू व अयुबखान यांनी स्वाक्षऱ्या केल्या.

१९४७ च्या फाळणीमुळे पंजाबातील कालव्यांची व्यवस्था दुभंगली. माधोपूर व फिरोझपूर येथील शीर्षकामे भारतात राहिली. त्यांवर भिजणारी बरीच जमीन मात्र पाकिस्तानात गेली. तात्पुरत्या समझोत्याची मुदत संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाणी बंद केले. मे महिन्यात दिल्ली येथे समझोता झाला, तरी मूळ तंटा मिटला नाही. १९५१ मध्ये अमेरिकन तज्ञ डेव्हिड लिलिएंथॉल यांनी संपूर्ण खोऱ्याचा संयुक्त विकास सुचविला; परंतु परस्पर अविश्वासामुळे अखेर नद्यांचीच वाटणी करावी लागली.

करारान्वये रावी, बिआस व सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला, तर सिंधू, झेलम व चिनाब या पश्चिमेकडील नद्या, भारताच्या मर्यादित वापराची तरतूद ठेवून, पाकिस्तानला मिळाल्या. पाकिस्तानातील पर्यायी कालव्यांसाठी भारताने ६,२०,६०,००० पौंड दहा वार्षिक हप्त्यांत देण्याचे मान्य केले. देखरेखीसाठी स्थायी सिंधू आयोग स्थापन झाला.

१९६५ व १९७१ च्या युद्धांतही करार टिकून राहिला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर मात्र २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. भूजल व हवामानबदल यांविषयी त्यात तरतुदी नाहीत, ही त्याची मोठी उणीव होय.