सरहद्दीपलीकडची गोळी

दिवाळीच्या ताटात चकली-कडबोळ्यांशेजारी औषधाच्या गोळीची गोष्ट वाढतो आहे, याबद्दल गृहिणींनी रागावू नये. आमच्या कळंबात चिंतामणीच्या पायऱ्या उतरणारे पुष्कळजण घरच्या कुणाच्या तरी दुखण्याचे गाऱ्हाणे घेऊनच आलेले असतात. आणि दर्शन आटोपले की त्यांची पावले औषधाच्या दुकानाकडे वळतात. तिथे बिल पाहून माणूस गप्प होतो. गोळीची किंमत तिच्यातल्या द्रव्यावर ठरते, अशी त्याची समजूत असते. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

1961 साली इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांना टेट्रासायक्लीन फार महाग पडू लागले. शेजारच्या इटलीत औषधांवर पेटंटच नव्हते, म्हणून तेच औषध तिथे स्वस्त. आरोग्यमंत्री एनॉक पॉवेल यांनी सरळ इटलीचा माल मागवला. पेटंटवाली कंपनी कोर्टात गेली, पण 1965 साली लॉर्डांच्या सभेने सरकारच्या बाजूने कौल दिला.

मौज अशी की, याच इंग्रजांनी 1911 साली केलेला पेटंटचा कायदा स्वातंत्र्यानंतरही आमच्या मानेवर होता. त्याच सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने नमूद केले की, औषधांच्या किमतीत हिंदुस्थान जगातल्या सर्वांत महाग देशांत मोडतो. दरिद्री देश, आणि औषध श्रीमंतांहून महाग! पिंपरीला 1955 पासून सरकारी कारखान्यात पेनिसिलीन निघू लागले होते खरे; पण एका कारखान्याने कायदा थोडाच बदलतो?

परळची हाफकिन संस्था प्लेगच्या लशीमुळे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीलाही ठाऊक होती. तिथल्या संशोधकांनी टोलब्युटामाइड ही मधुमेहावरची गोळी बनवण्याची आपली एक रीत काढली, आणि मुंबईची युनिकेम कंपनी त्या रीतीने ती बनवू लागली. जर्मनीच्या होक्स्ट कंपनीने दावा लावला. 1968 साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो जर्मनांच्या बाजूने. कायदा जसा होता तसा न्यायाधीशांनी वाचला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मुंबईच्या प्रयोगशाळेत, मुंबईच्या माणसांनी काढलेली रीत मुंबईतच गुन्हा ठरली, हे मला आजही पचत नाही.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 सालीच अहवाल देऊन ठेवला होता. त्याच्या आधारे 1970 चा कायदा झाला व 20 एप्रिल 1972 पासून अमलात आला. त्यातले मर्म लाडवाच्या उदाहरणाने सांगतो. बेसनाच्या लाडवावरच कुणाची मालकी असली, तर दुसऱ्या कुणी लाडूच वळायचा नाही. नव्या कायद्याने औषधाच्या बाबतीत मालकी ठेवली ती फक्त भाजण्याच्या रीतीवर, तीही थोडक्या वर्षांपुरती. दुसऱ्या रीतीने भाजा आणि खुशाल वळा! पाहता पाहता आमचे कारखाने जगाला औषधे पुरवू लागले. 2001 साली मुंबईच्या सिप्लाने एड्सची औषधे वर्षाला 350 डॉलरांत देऊ केली. तोवर ती हजारो डॉलरांना पडत.

2005 साली जागतिक व्यापाराच्या करारापायी लाडवावरची मालकी परत आली. तरी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचे पेटंट 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला मालकी नाही, असे ते कलम.

शेजारच्या चीनमध्ये मात्र ग्लिव्हेकला महिना वीस हजार युआनांहून अधिक मोजावे लागत. वुशी शहरातल्या एका कापडवाल्याला 2002 साली हाच रोग जडला. पैसा सरू लागला, तेव्हा त्याने हिंदुस्थानातून तेच औषध कितीतरी कमी पैशांत मागवले. पुढे इतर रुग्णांनाही मागवून दिले. चिनी कायद्याच्या लेखी परवान्याविना आलेले औषध ‘बनावट’, मग त्याने माणूस जगो की मरो. त्याला अटक झाली. शेकडो रुग्ण त्याच्यासाठी अर्ज घेऊन उभे राहिले, आणि 2015 साली सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला.

2018 साली त्याच्यावरून निघालेला बोलपट चीनमध्ये तुफान चालला. पुढल्याच वर्षी तिथला कायदा बदलला. परदेशात रीतसर मंजूर असलेल्या औषधाला तो आता ‘बनावट’ म्हणत नाही, आणि थोडेसे आणणाऱ्याला शिक्षेत सूट देतो.