कार्डाच्या नावावर बिल

इंदूरमध्ये लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा संगणक रखडायला लागला की त्याला एकच औषध सांगितलं जातं: "भिया, कार्ड डलवा लो." म्हणजे ग्राफिक्स कार्ड. दुकानदार सांगतो, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवून हिंडणारा मित्रही सांगतो. माझ्या भाच्यानं तर तीस हजार बाजूला काढूनच मला फोन केला. "मामा, घ्यायचं ठरलंय. फक्त कोणतं ते सांगा." मी म्हटलं, आधी कॅबिनेट उघडून ठेव, मी येतो.

रामबागेतल्या घराच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ आहे. पत्रा निघाला, पंख्यावरची धूळ पुसली आणि मी पहिल्यांदा एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीसमोर १८ अँपिअर. बारा अठरे दोनशे सोळा वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचंही पोट मुख्यतः याच ओळीवर भरतं. भाच्याच्या मनात भरलेलं आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅट मागतं. त्यात प्रोसेसरचे ६५ मिळवले की २३५ होतात. म्हणजे कार्ड घरी आलं असतं, संगणक सुरूही झाला असता आणि पहिल्याच जड कामाला बंद पडला असता. मग कुणीतरी म्हणालं असतं, कार्ड खराब निघालं.

पण एसएमपीएसचा मुद्दा सोयीचा आहे. तेवढ्यावर वाद जिंकला असं म्हणणं ही लबाडी होईल. पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, आणि तो असा: फोटो म्हणजे चित्र. चित्राचं काम ग्राफिक्स कार्डाचं. फोटोशॉप आणि लाइटरूम स्वतःच सेटिंगमध्ये कार्ड वापरू का म्हणून विचारतात. आता तर एआयची साधनं आली, ती कार्डाशिवाय हलत नाहीत. तेव्हा जितकं मोठं कार्ड तितकं फोटोचं काम जलद आणि चांगलं. यातलं शेवटचं विधान सोडलं तर बाकी सगळं कमी-जास्त खरं आहे, आणि म्हणूनच हा गैरसमज चिवट आहे.

गोंधळ नावापासून सुरू होतो. ही कार्डं वाढली ती खेळांसाठी. सेकंदाला साठ वेळा अख्खं दृश्य नव्यानं रंगवायचं, लाखो त्रिकोण भरायचे, हे त्यांचं मूळ काम. फोटो बिचारा जागेवरून हलत नाही. फोटोशॉपनं कार्डाची मदत घेतली ती २००८ च्या सीएस४ पासून, लाइटरूमनं २०१५ मध्ये. आणि ती घेतली मुख्यतः पडद्यापुरती: झूम करताना, चित्र सरकवताना, स्लायडर हलवल्यावर बदल लगेच दिसावा म्हणून. म्हणजे कार्डावर किती भार पडणार हे बऱ्याच अंशी फोटोवर नव्हे, मॉनिटरवर ठरतं. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ४के पडद्यावर ८२.९ लाख. भाच्याचा मॉनिटर फुल एचडी. तेवढं रंगवायला त्याच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही पुरून उरतं.

मग अडतं कुठे? मी त्याला त्याचं रोजचं काम करायला सांगितलं आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला. काम होतं करिझ्मा अल्बमचं, म्हणजे लग्नाच्या छापील अल्बमचं. १२ बाय ३६ इंची शीट, ३०० डीपीआय. गणित करून बघा: ३६०० गुणिले १०८०० म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला सुमारे ११७ एमबी. वधू-वर, मागचा महाल, सोनेरी किनार, उडणाऱ्या पाकळ्या (पाकळ्यांशिवाय इंदूरला अल्बम पास होत नाही) असे वीस लेयर झाले की २.३ जीबी, आणि मागे जायला ठेवलेली हिस्टरी वेगळी. संगणकात रॅम ८ जीबी. त्यातली बरीच विंडोजनं आणि क्रोमच्या पंधरा टॅबनी आधीच गिळलेली. मग फोटोशॉप उरलेला पसारा स्क्रॅच डिस्कवर टाकतं, आणि ती डिस्क म्हणजे जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. शीट सेव्ह करताना डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटला, रॅम काठोकाठ भरली, आणि ग्राफिक्सची रेघ जमिनीलगत झोपलेली. दहा मिनिटं आम्ही दोघं ती झोपलेली रेघ बघत बसलो.

फोटोग्राफीत वाट बघणं कधीच चुकलेलं नाही. पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेले लाला दीनदयाळ १८६६ पासून इंदूरच्याच बांधकाम खात्यात नकाशे काढत होते. कॅमेरा त्यांच्या हातात आला तो पुढे, इथेच. त्या काळच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. सगळी धावपळ काचेपाशी. तिथे कुणी "भिया, लेन्स मोठी घ्या" असं सुचवलं असतं तर काच काही जास्त वेळ ओली राहिली नसती.

कार्ड निवडतानाही अडचण सोडून भलतीकडेच बघण्याची हीच चूक दुसऱ्या रूपानं होते: खोक्यावरचे जीबी बघून. जीटी १०३० हे कार्ड दोन प्रकारांत आलं, दोन्ही २ जीबीचीच. एकात जीडीडीआर५ मेमरी, वेग सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात साधी डीडीआर४, वेग १६.८ जीबी. नाव तेच, मेमरी तेवढीच, आणि वेग जवळपास एक तृतीयांश. टाकी केवढी ते विचारायचं आणि नळाची तोटी बघायचीच नाही, असा हा व्यवहार.

"पण रंग चांगले दिसतात ना?" हा भाच्याचा प्रश्न, आणि मला सर्वांत जास्त भांडायचं आहे ते इथेच. इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आठवा. राजवाड्यासमोर टँकर, आकाशात उंच उडणारा गुलाल, आणि त्या ढगाखाली चेहरा न ओळखू येणारी माणसं. त्या गुलाबीचा फोटो पडद्यावर एक दिसतो, फोनवर दुसरा आणि लॅबमधून छापून आला की तिसराच. यात कार्डाचा काय हात? जवळजवळ नाही. १९९६ मध्ये ठरलेली एसआरजीबी ही रंगांची तशी आखूडच चौकट, पण स्वस्त पॅनेल तीही पूर्ण भरत नाहीत. अनेक टीएन पॅनेल मुळात ६ बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या. मधल्या पायऱ्या ठिपके लुकलुकवून भासवलेल्या. गुलालाच्या ढगाची कड जिथे हळूहळू विरते तिथे पट्टे दिसतात ते यामुळेही. त्या पडद्याला पन्नास हजारांचं कार्ड जोडलं तरी पट्टे तिथेच राहणार.

कुणी जाणकार म्हणेल, पडद्याचे रंग मोजणाऱ्या कॅलिब्रेटरनं केलेली दुरुस्ती कार्डाच्याच तक्त्यात भरली जाते. बरोबर. पण तो छोटासा तक्ता बोर्डावरच्या फुकटच्या ग्राफिक्सलाही असतो. दुसरा कुणी म्हणेल, १० बिटांच्या रंगासाठी व्यावसायिक क्वाड्रो लागतं. हे एकेकाळी खरं होतं. जुलै २०१९ मध्ये एनव्हिडियानं स्टुडिओ ड्रायव्हरमधून ती सोय साध्या जीफोर्स कार्डांनाही दिली. नियम बदलला, दुकानातलं वाक्य मात्र तेच राहिलं.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्यांचा समाचार. "फोटोला कार्ड लागतच नाही, ते गेमवाल्यांचे चोचले" असं आमच्यातले जुने लोक छाती ठोकून सांगतात. मीही सांगत होतो. दहा वर्षांपूर्वी ते चाललं असतं. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये फोटोतले दाणे काढणारं एआयचं डिनॉइज आलं आणि ते वाक्य शिळं झालं.

त्याचं कारण कळायला अनंत चतुर्दशीची रात्र घ्या. इंदुरात कापड मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण तिची झांकी आजही कामगार काढतात. काळोख्या रस्त्यावर हजारो दिव्यांनी लखलखणारी, हलणारी आरास, भोवती अंधारात गर्दी. आयएसओ ६४०० च्या खाली भागत नाही, आणि मग चेहऱ्यांवर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. शिवाय सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो: लाल, हिरवा किंवा निळा. ही जाळी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासानं भरावे लागतात. डिनॉइज हा अदमास आणि दाणे काढणं, दोन्ही न्यूरल नेटवर्ककडून एकत्र करून घेतं. २४ मेगापिक्सेलच्या फाइलवर हा अफाट गुणाकारांचा मारा असतो, आणि असे एकसारखे गुणाकार हजारो छोट्या हातांनी एकाच वेळी करणं हाच तर कार्डाचा पिंड. २०१८ पासूनच्या आरटीएक्स कार्डांत त्यासाठी टेन्सर कोअर नावाचा वेगळा भागच आहे. जुन्या यंत्रावर एका फोटोला काही मिनिटं लागतात, अशा कार्डावर काही सेकंद. इथे पूर्वपक्षाचं म्हणणं मी सव्याज मान्य करतो.

तरीही हिशेब राहतोच. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅश असतो, हजारभर फोटोंतल्या मोजक्याच फाइल डिनॉइजमधून जातात. ज्याची रोजी-रोटी झांक्या, गरबा, रंगमंच अशा रात्रीच्या कामावर आहे, जो ४के पडद्यावर बसतो किंवा व्हिडिओचं मिक्सिंगही करतो, त्यानं कार्ड आधी घ्यावं, खुशाल घ्यावं. भाचा यातला नव्हता. त्याच्या तीस हजारांतून आम्ही आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एसएसडी आणली आणि रॅम ३२ जीबी केली. लाइटरूमचा कॅटलॉग, कॅशे आणि फोटोशॉपची स्क्रॅच, तिन्ही एसएसडीवर हलवलं. उरलेल्यात एक बरा आयपीएस मॉनिटर बसला. कॅलिब्रेटर एका मित्राचा, उसना. मॉनिटर कॅलिब्रेट केल्यावर भाच्यानं आपलाच जुना गेरचा फोटो उघडला आणि बराच वेळ गप्प बसला. गेली चार वर्षं तो गुलाल जांभळट करून लॅबला पाठवत होता.

कार्ड आलं ते पुढच्या भाद्रपदात, झांक्यांचं एक काम हाती आल्यावर. एसएमपीएस बदलायचा नव्हता, म्हणून स्लॉट स्वतः देतो त्या ७५ वॅटच्या आत बसणारं शोधलं: आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला प्रकार, ७० वॅटचा, वेगळी वायर न मागणारा. दुकानदाराला तो दाखवावासा वाटत नव्हता. "इतना छोटा?" असं त्यानं दोनदा विचारलं. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निवडलेल्या चाळीस फाइल डिनॉइजला लावल्या, टास्क मॅनेजर सवयीनं उघडला, आणि इतके दिवस झोपलेली ती रेघ वर छताला जाऊन टेकली. भाचा खाली चहा सांगायला गेला.