पंचा, टॉवेल आणि दोन खार

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा हें गांव आहे. उत्तरेला डोंगर आणि दक्षिणेला पूर्णा नदीपर्यंत उतरत गेलेलें काळ्या मातीचें मैदान. या मैदानांतील पूर्णाकांठचा मोठा टापू खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरींच्या पाण्यांत साबणाला फेस येत नाहीं. साबण फाटतो आणि त्याचा राप कपड्यावरच बसतो. याच जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला लोणारचें सरोवर आहे. त्याचेंही पाणी खारें, पण त्या खाराची ख्याति नेमकी उलट, मळ काढण्याची. धुणें बिघडविणारा खार आणि धुणें साधणारा खार एकाच जिल्ह्यांत नांदावेत, ही मोठी मौज आहे. न्हाणीघरांतील टॉवेलाला जो कुबट वास येतो, त्याचा इतिहास सांगावयाचा तर या दोन्ही खारांची गांठ घ्यावी लागते.

आपल्याकडे अंग पुसावयाचें जुनें वस्त्र म्हणजे पंचा. तो हातमागावरचा, पातळ आणि विरळ विणीचा. कोंकणांतील राजापुरी पंच्यांची कीर्ति तर सर्वश्रुत आहे. पंचा पाणी टिपतो, पिळला कीं तें सोडून देतो, आणि वलणीवर टाकला तर स्वयंपाक होईतों कोरडा होतो. सोवळ्याओंवळ्याच्या नियमांची तरफदारी करण्याचें आज कांहीं कारण नाहीं. त्यांनीं माणसाला माणसापासून दूर ठेवलें. तरी पण स्नानाचें वस्त्र रोज धुवावें आणि उंच दांडीवर एकेरी पसरून वाळवावें, हा त्यांतला भाग असा होता कीं कुबटपणाला घरांत शिरकावच मिळत नसे.

टॉवेल हें प्रकरण अलीकडचें. तुवालो हा पोर्तुगीजांपासून आलेला शब्द गोमंतकांत जुना असला, तरी ज्याच्या अंगावर सुताचे असंख्य बारीक फांसे उभे असतात तो जाड टॉवेल मूळचा तुर्कस्थानचा. इ. स. १८४० नंतरच्या दशकांत हेन्री क्रिस्टी नांवाच्या इंग्रज गृहस्थानें तो तेथें पाहिला आणि नमुने मँचेस्टरजवळच्या आपल्या कुटुंबाच्या कारखान्यांत नेले. तेथील सॅम्युएल होल्ट यानें हे फांसे यंत्रावर विणण्याची युक्ति काढली, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत नवा टॉवेल जगापुढें आला. दहाच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी माजली. १८६१ ते १८६५ या काळांत मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हां वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. १८७० सालीं खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा आला. कापसाच्या गांठी त्या वाटेनें बाहेर पडत आणि विलायती कापड त्याच वाटेनें आंत येई. सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. पुढें तें शहर चादरी-टॉवेलांचें माहेरघर बनलें, आणि सोलापुरी टॉवेलाला आतां भौगोलिक मानांकनही लाभलें आहे.

फांसे हा टॉवेलाचा गुण आणि तोच त्याचा दोष. फाशांमुळें पाणी पुष्कळ टिपलें जातें, आणि फाशांमुळेंच तें लवकर सुटत नाहीं. शरीराची स्निग्धता, त्वचेचे सूक्ष्म कण आणि न निघालेला साबण हीं सारीं त्या ओलाव्याबरोबर आंत अडकतात. त्यावर सूक्ष्म जंतु पोसतात. जपानी संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांत धुतलेल्या कपड्यांच्या या वासाचा मुख्य कर्ता मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जंतु असल्याचें दाखविलें. तो एक दुर्गंधी आम्ल निर्माण करतो. कुबट वास तो याच आम्लाचा. विशेष हें कीं हा जंतु कोरडेपणा आणि सूर्याचे अतिनील किरण, दोन्हीही बऱ्यापैकीं सोसतो. म्हणूनच उन्हांत कडक वाळलेल्या टॉवेलाला वास नसतो, पण त्यानें ओलें अंग पुसलें कीं तोच वास पुन्हां उठतो. गृहिणी ज्याला टॉवेलाचा हट्ट म्हणते, त्याचें कारण हें आहे.

उन्हाला जें साधत नाहीं तें भट्टीला साधे. मनुस्मृतींत रेशीम व लोंकर खाऱ्या मातीनें, कांबळीं रिठ्यानें आणि क्षौम वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करण्यास सांगितलें आहे. कौटिल्यानें रजकांनीं लांकडी फळ्यांवर किंवा गुळगुळीत शिळांवरच वस्त्रें धुवावींत असा निर्बंध घातला आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त लोणारच्या परिसरांत कांच आणि साबण यांना लागणारें सर्व साहित्य मिळतें, अशी नोंद आहे. याचें कारण, त्या सरोवराच्या क्षारांत सोडियम कार्बोनेट, म्हणजे बाजारांतला धुण्याचा सोडा, भरपूर असतो. वऱ्हाडांत परटाला वरठी म्हणत. वरठी खाराच्या पाण्यांत भिजविलेले कपडे भट्टीवर रचून वाफवी आणि मग शिळेवर आपटी. खारानें स्निग्धता सुटे, आम्ल मरे. वाफेनें जंतु मरत. जंतूचें नांव त्याला ठाऊक नव्हतें, पण त्याचा उपाय पिढ्यान् पिढ्या त्याच्या हातांत होता. त्याबद्दल गांवानें त्याला बलुत्याचें धान्य दिलें. मान मात्र दिला नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेमहाराज याच परीट समाजाचे. गांवोगांव खराटा घेऊन रस्ते झाडणाऱ्या या पुरुषानें गांवांना शिकविलेली स्वच्छता त्याच्या समाजाच्या घामाचीच होती.

पुढें साबण आला. १८८८ सालीं सनलाइट कलकत्त्यास उतरला. १९१८ सालीं गोदरेजांनीं वनस्पति तेलांचा साबण काढला. साबणाची वडी घरोघर गेली आणि भट्ट्या एकेक करून विझल्या. श्रम वांचले, ही गोष्ट लहान नव्हे. पण पातळ पंचा जाऊन जाड टॉवेल आला त्याच सुमारास वाफ आणि खार घरांतून गेले, आणि कुबट वासाला मोकळें रान मिळालें.

खारपाणपट्ट्यांत हा जाच दुप्पट. गोडें पाणी पिण्याला पुरलें तर पुरलें. धुण्याच्या वांट्याला विहिरीचेंच पाणी. साबणाचा राप फाशांत बसतो, टॉवेल राठ होतो, आणि त्या रापावर जंतूंची चंगळ होते. जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गांवांसाठीं वान धरणावरून पाणीयोजना आंखली गेली ती मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठीं. धुणीं घाटावर घेऊन जाणाऱ्या बायकांचा त्यांत कोणी हिशेब मांडला नव्हता.

लोणारला आतां कोणी खार काढीत नाहीं. २०२० पासून तें सरोवर रामसर यादींतील संरक्षित पाणथळ आहे. परंतु त्याच जातीचा सोडा वाण्याकडे पुडींत मिळतो. खारें पाणी असेल तर तो आधीं पाण्यांत विरघळवावा, म्हणजे चुना खालीं बसतो. मग वरचें निवळ पाणी उकळून त्यांत टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवावा, साबण बेताचाच लावावा आणि पाणी नितळ निघेपर्यंत खळबळावा. श्रावणांत सातपुड्यावर ढग उतरून बसतात आणि चार चार दिवस ऊन पडत नाहीं, तेव्हां सोनाळ्याच्या बाजूला चुलीवरची दांडीच उपयोगी. टॉवेल मात्र तिच्यावर दुमडून नव्हे, एकेरी पसरावा.