गेम स्ट्रीम अडकतेय? मोठा प्लॅन घेण्याआधी हे तपासा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. राउटर खाली सोप्यात, आणि धाकटा भाऊ माडीवरून यूट्यूबवर बीजीएमआय लाइव्ह करतो. प्लॅन 100 एमबीपीएसचा, तरी स्ट्रीम सारखी अडकायची. एकदा फायनलमध्येच नेट गेलं, स्क्वॉड हरला. पोरं म्हणाली, "नेट नीट कर, नाहीतर दुसरा प्लेअर घेतो." पप्पा दुप्पट पैशांचा प्लॅन घ्यायला निघाले. म्हटलं, थांबा, आधी दोष कुठे आहे ते बघू.

1. दोष घरात की लाइनमध्ये?
घरात बाकी कुणी नेट वापरत नसताना पिंगच्या ॲपमधून आधी राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो, बहुतेक 192.168.1.1 असतो. मग 8.8.8.8 ला करा. राउटरचा पिंग स्थिर आणि दुसराच उड्या मारत असेल, तर लाइनची तक्रार करा. राउटरचाच पिंग उडत असेल तर दोष घरातच. आमचा 4 वरून 300 मिलिसेकंदांवर जायचा! म्हणजे मोठ्या प्लॅनचे पैसे पाण्यात गेले असते.

2. असं का होतं?
2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, म्हणजे शेजाऱ्यांचे राउटरही तिथेच. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात. 5 गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण जाड दगडी भिंत आणि स्लॅब ओलांडताना ते लवकर दमतं.

3. उपाय
राउटर आणि फोन एकाच खोलीत असतील तर 5 गिगाहर्ट्झ लावा, काम झालं. आमच्याकडे तसं नव्हतं. म्हणून माडीपर्यंत कॅट 5ई लॅन केबल ओढली (ही 100 मीटरपर्यंत चालते) आणि पडून असलेला ड्युअल बँड राउटर वर जोडला. त्याचा पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केलं आणि केबल लॅन पोर्टमध्येच लावली. साधा रिपीटर टाळा. तो त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो.

4. अपलोड विसरू नका
लाइव्हसाठी डाउनलोड नाही, अपलोड लागतं. 720पी, 60 फ्रेमला साधारण 6 एमबीपीएस. टेस्टमध्ये याच्या दुप्पट तरी अपलोड दिसू दे. स्ट्रीम चालू असताना घरातल्या सगळ्या फोनचा फोटो बॅकअप थांबवा. अपलोड भरलं की पिंग चढलाच.

5. लाइट गेली तर?
राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही मिनी यूपीएसवर घ्या. ॲडॉप्टरवरचा व्होल्ट जुळवूनच.

आता माडीवर पिंग 5 ते 8 च्या आत असतो. प्लॅन तोच, खर्च फक्त केबलचा. आणि भाऊ अजून स्क्वॉडमध्येच आहे.