तंगूस

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी, पारदर्शक धागा. गळाची दोरी आणि मासेमारीची जाळी यांसाठी तो वापरतात. कोकण किनाऱ्याप्रमाणेच गोंदिया जिल्ह्यातील तलावांवरही तो रूढ आहे.

गुणधर्म

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी तयार केले. सुती जाळे पाण्यात कुजते. त्यामुळे ते वरचेवर वाळवावे लागे आणि झाडांच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकवावे लागे. तंगूस कुजत नाही. त्याची घनता सुमारे १.१४ असल्याने तो सावकाश बुडतो. ‘पाण्यात अदृश्य’ हे त्याचे वर्णन मात्र अतिशयोक्त आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर नायलॉनचा सुमारे १.५३ आहे, या फरकामुळे धागा उन्हात चकाकतो. फ्लुओरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२ असल्याने तो धागा कमी उठून दिसतो. समुद्रातील फ्लाय-गळाच्या पारदर्शक दोऱ्यांचा उपयोग नितळ, उथळ पाण्यात होतो. पण ती दोरी माशाप्रमाणे गळ टाकणाऱ्यालाही नीट दिसत नाही, आणि गुंडाळीचे वेटोळे तिच्यात टिकून राहतात.

झीज

नायलॉन पाणी शोषते व ओले असताना त्याचे बळ काहीसे घटते; गाठीपाशी ते आणखी कमी होते. खरा शत्रू ऊन होय. अतिनील किरणांमुळे धागा ठिसूळ बनतो. खाऱ्या पाण्याने नायलॉनला थेट अपाय फारसा होत नाही, परंतु वाळल्यावर उरलेले मिठाचे व वाळूचे कण त्याला घासतात. म्हणून किनाऱ्यावर तंगूस गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे इष्ट ठरते.

गोंदिया जिल्ह्यातील वापर

नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा आणि असंख्य मालगुजारी तलाव व बोड्या यांवर धिवर समाजाची उपजीविका अवलंबून आहे. येथे मीठ नाही. मात्र बुडालेली खोडे आणि बेशरमाची झुडपे जाळी फाडतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, त्यामुळे धाग्याच्या पारदर्शकतेचा लाभ पाणी निवळल्यावरच मिळतो.

तंगुसाचे जाळे स्वस्त असते, पण धागा गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि दुरुस्ती जिकिरीची होते. परिणामी फाटके जाळे पुष्कळदा टाकून दिले जाते. पाण्यात राहिलेले असे जाळे कोणाच्याही कामी न येता मासे अडकवीत राहते. आस बारीक असल्यास सहकारी संस्थेने तलावात सोडलेले मत्स्यबीजही वाढण्यापूर्वीच त्यात सापडते. महाराष्ट्रातील सारस पक्ष्यांचे प्रमुख अधिवासक्षेत्र याच जिल्ह्यात आहे. काठावर पडलेला धागा पायांत गुंतून पाणपक्षी जखमी होऊ शकतात.