गुपित राखा, विटाळ राखू नका

पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. याच गावात १८७५ साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला. पुढे तो प्रार्थना समाजाने चालविला. बालशिक्षिकेने मुलाच्या कुटुंबाशी कसे वागावे, हे आज प्रशिक्षणात शिकवतात. त्या नीतीचा इतिहास मी या दोन जागांमध्ये उभा राहून वाचतो.

यात्रेच्या गर्दीत ओळख लपते, म्हणून फसवल्या गेलेल्या विधवा पंढरपुरास येत. गुन्हा व्यवस्थेचा, शिक्षा बाईला आणि तिच्या पोराला. त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, ही तिची मर्जी. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. आईचे गुपित राखायचे आणि तिच्या नावाने मुलाला मोजायचे नाही, हा या कामाचा पहिला धडा.

पण अब्रू झाकणे निराळे आणि विटाळ सोडणे निराळे. आश्रम निघाल्यानंतरही विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना बंदच होते. साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ असे उपोषण केले, तेव्हा ते उघडले. मधे ७२ वर्षे गेली.

दुसरा धडा बोर्डीचा. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा मार्ग. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

अंगण आले; पण कोणाचे? एका गावच्या अंगणवाडीत मी पाहिले, आमच्या वस्तीतली चार पोरे भिंतीकडेला वेगळी बसविलेली. मी बाईंना विचारले. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "काय करू गुरुजी? पालकांचं मन मोडवत नाही."

बाई वाईट नव्हत्या. गावातच राहायचे, तुटपुंज्या मानधनावर जगायचे, त्यात सवर्ण आळीचा रोष. हे मी समजतो. तरीही पालकांचा मान राखणे आणि पालकांची जात राखणे, यांत फरक आहे. घरातले दुःख, भांडण, बापाचे व्यसन बाईंच्या कानी आले, तर ते त्यांच्यापाशीच राहिले पाहिजे. मात्र ‘आमचं पोर त्यांच्या पंगतीत नको’ हे घरचे गुपित नव्हे. तो अपराध आहे. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता केव्हाच रद्द केली आहे.

तीन वर्षांच्या मुलाला जात ठाऊक नसते. ती त्याला भिंत दाखवून शिकविली जाते. म्हणून पंगत एकच मांडा, आणि रागावलेल्या पालकाच्या घरी स्वतः जाऊन बोला. बाई एकट्या पडल्या, तर त्यांच्यासोबत आपण गेले पाहिजे. चळवळीचे तेही काम आहे.